वाचकांचे प्रश्न : ट्रेनिंग सेंटरमधून न सांगता निघून आलं तर?

लष्कराच्या ट्रेनिंग सेंटरमधून रजा न घेता घरी आलेल्या मुलांबद्दल या सदराकडे बरीच पत्रं आली आहेत. बहुतेक पत्रं घरच्यांची आहेत आणि सगळ्यांत घाई, भीती आणि गावातून ऐकलेली अर्धवट माहिती आहे. त्यातली काही नावं वगळून इथे घेतली आहेत. उत्तरं भूदलाला लागू असलेल्या आर्मी ॲक्ट, १९५० आणि आर्मी रूल्स, १९५४ यांच्या आधारे दिली आहेत. नौदल आणि हवाई दलाचे कायदे वेगळे आहेत.

प्रश्न : माझा मुलगा अग्निवीर म्हणून भरती झाला. ट्रेनिंगचा अकरावा आठवडा चालू असताना रात्री सेंटरमधून निघाला आणि घरी आला. आज नववा दिवस. तो म्हणतो, अजून कसम परेड झालेली नाही, म्हणजे मी फौजी नाहीच, आणि तीस दिवसांच्या आत कोणी काही करत नाही. गावातली माणसंही तेच सांगतात. आम्ही काय करावं? (एक वडील, सातारा जिल्हा)

उत्तर : दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि तीस दिवसांची समजूत जास्त घातक आहे.

आधी कसम परेडचं. भरतीच्या वेळी अटी वाचून दाखवून एनरोलमेंट फॉर्मवर सही घेतात, त्याच क्षणापासून मुलगा आर्मी ॲक्टखाली येतो. कसम परेड म्हणजे अटेस्टेशन (शपथविधी), ती त्यानंतरची पायरी आहे. ती झालेली नसली म्हणून कायदा लागत नाही असं नाही. फरक एवढाच पडतो की कसम न झालेल्या रिक्रूटला डिस्चार्ज देण्याचा अधिकार कमांडिंग ऑफिसरकडे असतो, त्यामुळे रीतसर बाहेर पडायचं असेल तर हा काळ त्यातल्या त्यात सोपा. तुमच्या मुलाने नेमका तोच काळ भिंत ओलांडण्यात घालवला आहे. पण अजून सगळं हातचं गेलेलं नाही.

आता तीस दिवस. रजेशिवाय गैरहजर राहणं हा कलम ३९ खालचा गुन्हा आहे आणि तो पहिल्याच गिनतीला (हजेरीला) पूर्ण होतो. कोर्ट मार्शलने दोषी ठरवलं तर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तीस दिवसांचा उल्लेख येतो तो कलम १०६ मध्ये, आणि तिथे माफीचा संबंधच नाही. तीस दिवस गैरहजेरी झाली की सेंटरला कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवावीच लागते. ती शपथेवर साक्षी घेते, मुलाकडे दिलेल्या सरकारी सामानातलं काय कमी आहे ते मोजते, आणि गैरहजेरी जाहीर करते. त्यानंतरही तो हजर झाला नाही आणि पकडलाही गेला नाही, तर कायद्याच्या लेखी तो भगोडा. भगोडेपणाचं कलम ३८. त्याला शांततेच्या काळातसुद्धा सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ॲक्टिव्ह सर्व्हिसवर (शत्रूविरुद्धच्या मोहिमेवर) असताना पळाला तर मृत्युदंडापर्यंत.

गैरहजर आणि भगोडा यांतला फरक दिवसांवर नाही, हेतूवर ठरतो. परत जायचंच नाही असं ठरवून निघालेला मुलगा दुसऱ्या दिवशी पकडला गेला तरी कलम ३८ लागू शकतं. हेतू कुणाच्या मनात शिरून पाहता येत नाही, म्हणून तो खुणांवरून ठरतो. ओळखपत्र टाकून दिलं, वर्दी विकली, सिम कार्ड बदललं, दुसऱ्या शहरात नोकरी धरली, या सगळ्या त्याच्या विरुद्ध जाणाऱ्या खुणा. सामान जपून ठेवलं, कंपनीला फोन केला, स्वतःच्या पायांनी परत गेला, या त्याच्या बाजूच्या. म्हणून आजपासून प्रत्येक गोष्ट या नजरेनेच करा.

आज रात्रीच कंपनीत फोन लावा. मुलाला स्वतःला बोलू द्या. आर्मी नंबर, नाव, कंपनी, मी कुठे आहे, कोणत्या गाडीने केव्हा पोचतो, एवढंच. फोन कोणी घेतला आणि किती वाजता, ते वहीत लिहा. तोच मजकूर चार ओळींत लिहून कमांडिंग ऑफिसरच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. मग पहिल्या गाडीने निघा. तुम्ही सोबत जा, एकट्याला पाठवू नका. वाटेत मन बदलून पुण्याला किंवा मुंबईला उतरून गेलेल्या मुलांचीच प्रकरणं पुढे भगोडेपणाची होतात. ओळखपत्र, दिलेलं सगळं किट, बूट, पट्टा, रेल्वेचं तिकीट आणि दवाखान्याचा कागद असेल तर तो, एवढं पिशवीत हवं. किटमधलं काही हरवलं असेल तर आधीच सांगा. सरकारी वस्तू गहाळ करणं हा कलम ५४ खालचा वेगळा गुन्हा आहे आणि मागाहून उघड झाला की तो मूळ प्रकरणापेक्षा जड होऊन बसतो.

सेंटरच्या मेन गेटवर गार्ड कमांडरला सांगा की हा रिक्रूट स्वतःहून हजर होत आहे. नोंदवहीत तारीख आणि वेळ लिहून घेतल्याशिवाय तुम्ही तिथून हलू नका. सेंटर फार दूर असेल आणि आजच्या आज पोचणं जमत नसेल तर जवळच्या लष्करी युनिटमध्ये किंवा पोलीस ठाण्यात हजर होता येतं. तिथल्या अधिकाऱ्याने सही केलेलं, हजर झाल्याची तारीख आणि ठिकाण सांगणारं सर्टिफिकेट कलम १४२ नुसार पुरावा म्हणून चालतं. पोलीस ठाण्यात मात्र सही ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची असू नये.

पुढे काय होईल? त्याला क्वार्टर गार्डमध्ये (युनिटच्या कोठडीत) किंवा नजरेखाली ठेवतील. आरोपाची चौकशी अठ्ठेचाळीस तासांत सुरू व्हावी हे पाहणं कमांडिंग ऑफिसरचं काम आहे. आठ-दहा दिवसांची, स्वतःहून संपलेली गैरहजेरी बहुतेक वेळा कोर्ट मार्शलपर्यंत जात नाही. कमांडिंग ऑफिसर कलम ८० खाली ती निकाली काढतात. त्यांच्या हातात अठ्ठावीस दिवसांपर्यंत लष्करी कोठडी, अठ्ठावीस दिवसांपर्यंत लाइनबंदी (बराकीचा परिसर न सोडण्याची शिक्षा), जादा ड्युटी, ताकीद आणि महिन्यात चौदा दिवसांच्या पगारापर्यंत दंड, असे पर्याय असतात. गैरहजर दिवसांचा पगार आणि भत्ते वेगळे कापले जातात. सलग सहा तासांच्या आतली गैरहजेरी सहसा दिवस म्हणून धरत नाहीत. मात्र बारा तासांच्या वर गेली तर ज्या ज्या तारखेला तो थोडा वेळही बाहेर होता ती प्रत्येक तारीख पूर्ण दिवस मोजली जाऊ शकते. अग्निवीराचं पहिल्या वर्षाचं पॅकेज महिना ३०,००० रुपये आहे, म्हणजे दिवसाला हजाराच्या आसपास. यापेक्षा जास्त नुकसान बॅचचं होतं. चुकलेल्या ट्रेनिंगमुळे त्याला मागच्या बॅचमध्ये टाकतात, म्हणजे रेलिगेट करतात, आणि ज्यांच्याबरोबर आला त्यांच्या पासिंग आउटला तो प्रेक्षकांत उभा राहतो. ते सहन करायला घरच्यांनी त्याला आधार द्या. दुसऱ्यांदा भिंत ओलांडली जाते ती याच दिवसांत.

एक सावधगिरी. 'सेंटरमध्ये ओळख आहे, इतके द्या, मिटवतो' म्हणणारा माणूस या काळात हमखास भेटतो. मिटवण्याचा अधिकार फक्त कमांडिंग ऑफिसरला असतो आणि तो मुलगा समोर उभा राहिल्यावरच वापरता येतो. त्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

प्रश्न : भाचा सेंटरमधून आला तो सरळ माझ्याकडे. दीड महिना झाला. काल गावच्या पोलीस पाटलांनी सांगितलं की ठाण्यात त्याच्या नावाचा कागद आला आहे. तो घरात आहे म्हणून माझ्यावर काही येईल का? (एक मामा, सांगली जिल्हा)

उत्तर : येऊ शकतं. भगोडा आहे हे माहीत असून त्याला आसरा देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. या कलमात सूट फक्त पती किंवा पत्नीला आहे. आई, वडील, मामा, भाऊ यांना नाही. कुणी त्याला पळून जायला भरीस घातलं असेल तर त्यासाठी कलम १६३ आहे, शिक्षा तितकीच.

ठाण्यात आलेला कागद म्हणजे ॲप्रिहेन्शन रोल. त्यात आर्मी नंबर, वर्णन, घरचा पत्ता असतो आणि तो मुलाच्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे जातो. तो मिळाल्यावर पोलिसांना दंडाधिकाऱ्यांचं वॉरंट असल्यासारखीच कारवाई करावी लागते. शिवाय भगोडा असल्याचा रास्त संशय असलेल्या माणसाला कोणताही पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय अटक करू शकतो.

दीड महिना उलटलाय म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली असेल किंवा बसण्याच्या बेतात असेल. तरीही पोलिसांनी घरातून उचलण्याआधी तो स्वतः ठाण्यात किंवा सेंटरला हजर झाला, तर रेकॉर्डवर 'पकडला' ऐवजी 'हजर झाला' असं येतं. शिक्षा ठरवताना या एका शब्दाला फार वजन असतं. त्याला आजच घेऊन जा. तुम्हीच घेऊन गेलात ही गोष्ट तुमच्याही बाजूने उभी राहील.

प्रश्न : मी रिक्रूट आहे. सध्या सुटीवर घरी आहे, चार दिवसांनी परत जायचंय. पायाच्या नळीत तीन आठवड्यांपासून दुखतंय. सांगितलं तर उस्ताद (ट्रेनिंग देणारे) कामचोर म्हणतात, एकदा काठीने मारलंही. परत जाऊच नये असं वाटतं. काय करू? (नाव दिलेलं नाही)

उत्तर : परत जा, पण गेल्या वेळेसारखा मुकाट्याने जाऊ नकोस.

पायाचं आधी. नळीच्या हाडावर एका बोटाने दाबत वरून खाली ये. दुखणं हातभर पसरलेलं असेल आणि धावायला लागल्यावर कमी होत असेल तर ती बहुधा स्नायू आणि हाडाच्या आवरणाची सूज असते. एका रुपयाएवढ्या जागी टोकदार दुखत असेल, त्या पायावर उडी मारली की कळ येत असेल, रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर तो स्ट्रेस फ्रॅक्चर (हाडाला पडलेली बारीक चीर) असू शकतो. रिक्रूटमध्ये हे वरचेवर होतं, कारण स्नायू लवकर तयार होतात आणि हाडाला जास्त वेळ लागतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो. 'एक्स-रे नॉर्मल, नाटक करतोय' असा शेरा बसतो तो यामुळेच. तेव्हा सुटीतच जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये जा. ते जवळ नसेल तर सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखव आणि केस पेपरवर नेमकी जागा, किती दिवसांपासून आणि सल्ला काय, हे लिहून घे. फ्रॅक्चर असेल तर उपचार म्हणजे मुख्यतः काही आठवडे धावणं बंद. तसंच धावत राहिलास तर बारीक चीर पूर्ण मोडू शकते.

सेंटरला पोचलास की दुसऱ्या दिवशी सकाळीच सिक रिपोर्टमध्ये (आजारी जवानांच्या यादीत) नाव दे आणि एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) डॉक्टरांना कागद दाखव. सिक रिपोर्टला जायला उस्तादांची मर्जी लागत नाही. आराम लिहून दिला, बॅच मागे पडली, तर ते वैद्यकीय कारणाने रेलिगेशन. त्याचा डाग लागत नाही. पाय कायमचा अधू ठरलाच तर मेडिकल बोर्ड बसतो आणि तुला वैद्यकीय कारणाने रीतसर बाहेर काढलं जातं. भिंत ओलांडून आलास तर याच पायाचं दुखणं बहाणा ठरेल.

आता मारहाण. हाताखालच्या माणसाला मारणं किंवा छळणं हा कलम ४७ खालचा गुन्हा आहे. तो अधिकारी, जेसीओ (सुभेदार वगैरे), एनसीओ (हवालदार, नाईक वगैरे) सगळ्यांना लागतो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. तक्रारीचा हक्क कलम २६ ने तुला दिला आहे. कंपनी कमांडरचा इंटरव्ह्यू माग. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे तेच कंपनी कमांडर असतील तर त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. तारीख, वेळ, कुठे, कोण पाहत होतं, हे आज घरी बसल्या बसल्या कागदावर उतरव. तक्रार केली म्हणून दोन दिवस अवघड जातील, हे खरं आहे. पण लेखी तक्रार केलेला रिक्रूट आणि गैरहजर रिक्रूट यांत कायदा पहिल्याचं ऐकून घेतो.

झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर आजच बोल. दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि डॉक्टरांना पायाबरोबर हेही सांग.

प्रश्न : धाकटा भाऊ सेंटरमध्ये आहे, कसम परेड अजून व्हायची आहे. जिल्हा पोलीस भरतीच्या निवड यादीत त्याचं नाव लागलं आणि कागदपत्र पडताळणीला बोलावलं आहे. रजा मिळत नाही. घरचे म्हणतात निघून ये, पोलीस झाल्यावर आर्मी काय करणार? (एक बहीण, धाराशिव जिल्हा)

उत्तर : भाऊ पळून आला तर त्याचा ॲप्रिहेन्शन रोल कुठे जाईल याचा घरच्यांनी विचार केलेला दिसत नाही. तो जाईल तुमच्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे. शिपाई भरतीची नेमणूक करणारं आणि चारित्र्य पडताळणी करणारं कार्यालयही तेच. साक्षांकन नमुन्यात आधीच्या सरकारी नोकरीची माहिती भरावी लागते. ती लपवली तर खोटी माहिती दिली म्हणून नेमणूक जाते, आणि खरी दिली तर डिस्चार्ज सर्टिफिकेट मागतात. दोन्ही नोकऱ्या एकदम हातून जाण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

रीतसर मार्ग आहे, आणि तो आजच सुरू करायला हवा. अग्निवीराच्या अटींनुसार मुदतीआधी स्वतःच्या विनंतीवर बाहेर पडता येत नाही, अगदी अपवादात्मक प्रकरणं सोडून. मात्र आर्मी रूल १३ च्या तक्त्यात, भरती झालेल्या पण अटेस्ट न झालेल्या माणसाला डिस्चार्ज देण्याचा अधिकार कमांडिंग ऑफिसरला आहे. विनंती रास्त आहे आणि युनिटच्या संख्याबळाला धक्का लागत नाही असं त्यांना पटलं तरच ते देतात. हा हक्क नाही, त्यांचा निर्णय आहे, म्हणून अर्ज नीट करावा लागतो.

अर्ज भावाने स्वतःच्या हाताने लिहावा आणि कंपनीमार्फत वर पाठवावा. त्यात दोन मागण्या वेगवेगळ्या असाव्यात : पडताळणीसाठी ठरावीक तारखांची रजा, आणि निवड पक्की झाल्यास डिस्चार्ज. निवड यादीचं पान, बोलावणं आलेलं पत्र आणि आईवडिलांचं संमतिपत्र जोडावं. कसम परेडची तारीख अर्जात ठळक लिहावी, कारण ती उलटली की हा मार्ग बंद होतो. त्याच दिवशी तुम्ही घरून पोलीस अधीक्षक कार्यालयात अर्ज द्या : उमेदवार लष्करी प्रशिक्षणात आहे, रजेचा अर्ज केला आहे, पडताळणीला पुढची तारीख मिळावी. पोच घ्या. निवडीच्या धांदलीत हा दुसरा अर्ज करायचा राहून जातो, आणि मग तारीख चुकल्याचं खापर आर्मीवर फोडलं जातं.

डिस्चार्ज मिळाला तर सेवानिधीतला (अग्निवीराच्या पगारातून कापून जमा होणाऱ्या निधीतला) त्याचा स्वतःचा जमा वाटा व्याजासह मिळतो, सरकारचा वाटा मिळत नाही. सेंटर सोडताना कलम २३ चं सर्टिफिकेट हातात घेऊनच निघावं. 'पोस्टाने येईल' यावर विसंबू नये. पोलिसांऐवजी नौदलात, हवाई दलात किंवा आर्मीच्याच दुसऱ्या रेजिमेंटमध्ये डिस्चार्ज न घेता भरती झाला असता तर तो कलम ४३ खाली वेगळाच गुन्हा होता, पाच वर्षांपर्यंत कैदेचा.

प्रश्न : मुलगा दहा दिवसांच्या रजेवर आला होता. आजोबा वारले, तेराव्यासाठी थांबला, सहा दिवस जास्त झाले. आता जायला घाबरतो. (एक आई, बीड जिल्हा)

उत्तर : रजेपेक्षा जास्त राहणं कलम ३९ मध्येच येतं, पण त्यात 'पुरेशा कारणाशिवाय' हे शब्द आहेत. मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचं किंवा तलाठ्याचं पत्र आणि रजेचा मूळ कागद देऊन आजच पाठवा. आजोबांच्या तेराव्यासाठी सहा दिवस हे कारण पुरेसं मानायचं की नाही, ते कमांडिंग ऑफिसर ठरवतील. पण सातवा दिवस घाबरण्यात गेला याला कुठलंच कारण देता येणार नाही. पुढच्या वेळी रजा संपायच्या आधी कंपनीला फोन करून मुदतवाढ मागायची. ती मंजूर झाली असं स्पष्ट ऐकू येईपर्यंत ती नामंजूरच समजायची.

प्रश्न : भाऊ चार महिन्यांनी पकडला गेला. सेंटरमध्ये समरी कोर्ट मार्शल होणार म्हणतात. त्याला कोणीतरी सांगितलं आहे की गुन्हा कबूल कर, लगेच घरी सोडतील. वकील देता येतो का? (एक भाऊ, नागपूर)

उत्तर : कबुलीआधी आरोपपत्र हातात घेऊन त्यात कलम ३८ लिहिलंय की ३९, हे बघा. सगळं त्यावर अवलंबून आहे. गैरहजेरी खरीच आहे, ती कबूल करायला हरकत नाही. पण ३८ कबूल करणं म्हणजे 'मला कायमचं पळून जायचं होतं' असं स्वतःच्या तोंडाने सांगणं. 'घरी सोडतील' याचा अर्थ तिथे बडतर्फी असा होतो, आणि तीही कैद भोगल्यावर. समरी कोर्ट मार्शलमध्ये कमांडिंग ऑफिसर एकटेच न्यायाधीश असतात. ते लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरच्या हुद्द्याचे असतील तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतात, त्याखालचे असतील तर तीन महिन्यांपर्यंत. ही शिक्षा वरून मंजूर व्हावी लागत नाही, ताबडतोब लागू होते.

आरोपपत्र दिल्यापासून खटला उभा राहीपर्यंत किमान शहाण्णव तास मिळायला हवेत. ॲक्टिव्ह सर्व्हिसवर चोवीस. या वेळात रूल १२९ नुसार मदतनीस मागा. तो वकील असू शकतो किंवा दुसरं कोणीही. तो भावाच्या शेजारी बसून सल्ला देऊ शकतो, साक्षीदाराला काय विचारायचं ते सुचवू शकतो, पण स्वतः उलटतपासणी घेऊ शकत नाही आणि कोर्टापुढे बोलूही शकत नाही. म्हणून भावाने स्वतः काय बोलायचं ते आधी घोकून ठेवलं पाहिजे. वकील या कामातला बघा. दिवाणी दाव्यांच्या वकिलाला रूल १२९ ची मर्यादा माहीत नसते आणि तो तिथे गेल्यावर अडकतो.

बचावात एक तरतूद फार कामाची आहे आणि फार कमी वापरली जाते. गैरहजेरीचं सबळ कारण सांगितलं आणि त्यासाठी सरकारी सेवेतल्या अधिकाऱ्याचा हवाला दिला, तर कलम १४३ नुसार कोर्टाला त्या अधिकाऱ्याला पत्र लिहावं लागतं आणि उत्तर येईपर्यंत काम तहकूब ठेवावं लागतं. भाऊ त्या चार महिन्यांत सरकारी रुग्णालयात भरती झाला असेल तर वैद्यकीय अधीक्षकांचं नाव द्यायचं. घरी पुराने किंवा आगीने नुकसान झालं असेल तर पंचनामा करणाऱ्या तहसीलदारांचं. ३८ चा आरोप असला तरी कोर्ट त्याऐवजी ३९ खाली दोषी ठरवू शकतं, आणि बचावाचा रोख तिकडेच असावा.

निकालानंतर आर्मी ॲक्टच्या कलम १६४ खाली वरच्या अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणात अपील करता येतं. महाराष्ट्रासाठी त्याचं पीठ मुंबईत आहे. कार्यवाहीची प्रत मागून घ्या, तिच्याशिवाय अपील लंगडं पडतं.

प्रश्न : दीर चार वर्षांपूर्वी ट्रेनिंगमधून आले ते गेलेच नाहीत. गेल्या वर्षी घरी बडतर्फीचं पत्र आलं. आता विषय संपला ना? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : नोकरी संपली, खटल्याची शक्यता संपली नाही. शांततेच्या ठिकाणाहून गेलेला माणूस सापडला नाही तर साधारण तीन वर्षांनी बडतर्फ करतात. ॲक्टिव्ह सर्व्हिसवरून किंवा हत्यार घेऊन पळाला असेल तर दहा वर्षांनी. इतर लष्करी गुन्ह्यांना खटला भरण्यासाठी तीन वर्षांची मुदत असते. कलम १२२ मध्ये भगोडेपणाला ती मुदत नाही, आणि कलम १२३ नुसार बडतर्फीनंतरही खटला चालू शकतो. बडतर्फ झालेल्यांच्या मागे लष्कर क्वचितच लागतं. पण ॲप्रिहेन्शन रोल ठाण्यात तसाच पडून राहिला तर पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या पडताळणीला तो नेमका वर येतो.

म्हणून आर्मी नंबर घालून रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टाने पत्र लिहा : बडतर्फीच्या आदेशाची प्रत, कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या निष्कर्षाची प्रत आणि रोल मागे घेतला आहे का याची माहिती मागा. उत्तर आलं की त्याची प्रत ठाण्यात द्या. पत्राचा मसुदा करायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते. आदेशालाच आव्हान द्यायचं असेल तर न्यायाधिकरणात साधारण सहा महिन्यांची मुदत असते, ती उलटली आहे. उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडावा लागेल आणि चार वर्षं कुठे होते याचं पटणारं उत्तर त्यात असावं लागेल. सरकारी नोकरीच्या अर्जात 'पूर्वी बडतर्फ झाला होता का' या रकान्यात 'नाही' लिहू नये.

प्रश्न : मुलगी एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) आहे. सोडायचं म्हणते. तिलाही हेच लागू? (एक पालक, पुणे)

उत्तर : तिचं प्रकरण वेगळं आहे. खडकवासल्याला जाताना तुम्ही पालक म्हणून बाँडवर सही केली आहे. स्वतःच्या हातातल्या कारणासाठी कॅडेटने प्रशिक्षण सोडलं तर झालेला खर्च परत करण्याची जबाबदारी त्यात आहे. पहिल्या टर्ममध्ये सोडणं आणि पाचव्या टर्ममध्ये सोडणं यांत त्या रकमेचा मोठा फरक पडतो, तेव्हा निर्णय लांबवू नका. वैद्यकीय कारण असेल तर आधी मेडिकल बोर्ड होऊ द्या, कारण आजाराने बाहेर पडणं 'स्वतःच्या हातातलं' नसतं. राजीनाम्याचा अर्ज स्क्वाड्रनमार्फत द्यावा, आणि तो मंजूर होईपर्यंत तिने अकादमीतच राहावं.